मंजुरीच्या प्रतीक्षेत

११ नोव्हें. २००६
सौ. कुंदासह वेबसाइटच्या वर्गाला. पोफळीच्या पॉवरहाऊस वसाहतीतल्या जुन्या मंडळींची साइट करायची, हा माझा रिटायरमेंटनंतरचा हट्ट. मास्तर म्हणाले, कोडिंग यायला नको. सीएमएस म्हणजे तयार ढाचा, आपण फक्त मजकूर भरायचा. ओपन सोर्स, म्हणजे आतली रचनाही उघडी, हवी तशी बदला, वर फुकट. मला पटेना. फुकटचं सांभाळणार कोण? कुंदा म्हणाली, "अहो, तुम्ही वीस वर्षं कॉलनीत नाटकं बसवलीत, ती काय पैसे घेऊन?" वही उघडून उतरवून घेतलं.

१९ नोव्हें.
ड्रुपल नावाचा ढाचा डोक्यावरून गेला. दुसरा, जुमला, तो बसवला. अधिकार वाटले. मी ॲडमिन. कुंदा 'लेखक', म्हणजे लिहील, पण माझ्या मंजुरीशिवाय दिसणार नाही. पॉवरहाऊसात परमिटशिवाय कुणी स्विचला हात लावत नसे, त्यातलंच. तिला समजावलं तर म्हणते, "घरात तरी कुठं वेगळं आहे?"

४ फेब्रु. २००७
कुं.चे तीन लेख लावले. कॉलनीतला गणपती वगैरे. लोकांना माझ्या लेखांपेक्षा जास्त आवडले. असो.
चौथा नाही लावला. आमच्या पहिल्या मुलाबद्दल आहे. पोफळीला झाला, अकराव्या दिवशी गेला. पहिला परिच्छेद वाचून बंद केला. म्हटलं, घरातलं घरात राहू दे. ती तांदूळ निवडत राहिली.

२० मे
कुं.ने पुन्हा विचारलंन, "तो लेख?" बघतो म्हटलं. आंब्याच्या पेट्या भरायच्या होत्या.

८ जाने. २००८
कुंदाला जाऊन आज महिना. मिरकरवाड्यातून बांगडे घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवलीन, जरा बसते म्हणाली. डॉक्टर येईपर्यंत

२ फेब्रु.
वसाहतीतल्या सावंतवहिनी भेटायला आल्या. चहा घेताना म्हणाल्या, "कुंदावहिनी दर फोनला सांगायच्या, ह्यांनी अजून लेख लावला नाही." दर फोनला. मला दोनदाच विचारलंन. तिसऱ्यांदा विचारायची सोय मी ठेवली नसणार.

१० फेब्रु.
लेख पुरता वाचला. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बारसं व्हायचं होतं, ते राहिलं. नाव काही ठरलं नव्हतं, निदान मी तसंच धरून चाललो. तिने मात्र ठेवलं होतंन. लेखभर त्या नावाने बोलते त्याच्याशी. सदतीस वर्षं एका घरात राहून मला ते नाव माहीत नव्हतं. फार रडलो.

११ फेब्रु.
साइटवर तिचा दर्जा बदलला. लेखक होती, 'प्रकाशक' केली. आता तिला माझी मंजुरी लागत नाही. काय उपयोग. लेख तसाच पडून, बटण कुणीतरी दाबायलाच हवं.
मेधाला फोन केला. लेकीला हे सांगायचं राहूनच गेलं होतं. म्हटलं, तुझ्याआधी आम्हाला एक मुलगा झाला होता. म्हणाली, "मिलिंद. माहीत आहे, बाबा. आम्ही दोघी दरवर्षी त्याचा वाढदिवस करायचो, तुम्ही ड्यूटीवर गेलात की."
लेख समोर उघडा आहे. अजून दाबलेलं नाही.