वन्समोअर मिळणार नाही

६ नोव्हेंबर १९४४, सातारा
सहा वर्षांनी पुन्हा गाणार. निरोपाचा दौरा. या शनिवारी सातारा, पुढच्या शनिवारी सांगली, मग कायमचं बंद. पेटीवर माझा जुना रसूल, तंबोरा वाहायला त्याचा भाऊ दिलावर. शेवटी अर्थातच रेकॉर्डवर गाजलेलं माझं गाणं. आज रियाजात त्यातला वरचा सा लागला. दुसऱ्यांदा लावून पाहिला नाही. गरज काय?

९ नोव्हेंबर
दुसऱ्यांदा लावून पाहिला. नोंद करण्यासारखं काही नाही. हवा कोरडी आहे.
ठराव : दही, तिखट, लोणचं बंद. शेजारच्या उमाबाईंशी बोलणं बंद. हे फार पूर्वीच करायला हवं होतं.

११ नोव्हेंबर, सकाळ
भीती अजिबात नाही. हात गार पडलेत ते थंडीमुळे. कॉन्व्हेंटात मदर सुपीरियर म्हणायच्या, या मुलीला भीती ठाऊकच नाही. उद्धटपणाबद्दल म्हणायच्या, पण अर्थ तोच.
लोणचं खाल्लं. एकच फोड.

१२ नोव्हेंबर
काल गाणं उत्तम झालं. वरचा सा असा लागला की लोक क्षणभर गप्प. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून कुणी गाढव ओरडलं, वन्समोअर. त्याच्यामागून आणखी चारपाच. वन्समोअर नाकारणारीला लोक माजोरी म्हणतात. पुन्हा गायले. वर गेले आणि तिथे काहीच नव्हतं. अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं, तसं. रसूलने पेटी मोठी केली, मी खोकले. टाळ्या पडल्या. खोकल्याला.

१४ नोव्हेंबर
दोन दिवस कप बशीवर वाजतोय. कप हलका आहे. डॉक्टर म्हणाले घसा ठीक, आणि वय विचारलं. उर्मट माणूस.
सुराची मला भीती नाही. एकदा तो लागतोच. धोका आहे तो तिसऱ्या रांगेचा. म्हणून सांगलीचा कार्यक्रम ठरवणाऱ्या अनंतरावांना तार केली : हँडबिलाच्या तळाशी छापा, वेळेअभावी वन्समोअर मिळणार नाही. रसूल म्हणाला, आवं बाई, लोकास्नी मागू तरी द्या, मग न्हाई म्हना. त्याला म्हटलं, तू आपल्या पेटीपुरतं बोल.

१८ नोव्हेंबर, सांगली, संध्याकाळी पाच
थिएटर भरत आलंय. पडद्याच्या फटीतून तिसरी रांग पाहिली. एक जाडे गृहस्थ संशयास्पद वाटतात. असे लोक फुप्फुसाने भक्कम असतात. हँडबिल आहे, म्हणून मी निर्धास्त. एक पाहायला मागितलं, तर म्हणे संपली. पुन्हा फटीतून पाहिलं. ते अजून बसलेत.

१९ नोव्हेंबर, सकाळ
वरचा सा लागला. साताऱ्यापेक्षा चांगला. रसूलने मान हलवली, आणि तो उगाच हलवत नाही. मी डोळे मिटून, मांडीवरची मूठ आवळून थांबले.
कुणी ओरडलं नाही. टाळ्या पडल्या, व्यवस्थित, आणि लोक उठले. जाडे गृहस्थ चपला शोधत होते.
सांगलीकरांना शिस्त आहे. छापलेलं वाचतात.

त्याच दिवशी, गाडीत
अनंतराव हार घेऊन स्टेशनवर आले होते. खजील दिसले. म्हणाले, कागदाची टंचाई, हँडबिल अर्ध्या कागदावर बसवावं लागलं, तुमची ती खालची ओळ छापखान्यात गळली. माफ करा बाई. नशीब, कुणी मागितला नाही.
मी म्हटलं, हो, नशीब.
गाडी सुटल्यावर रसूलला विचारलं, साताऱ्याला तिसऱ्या रांगेतून ओरडला तो कोण? त्याने पेटी बाकाखाली सरकवली. मग म्हणाला, आमचा दिलावर, बाई. तुमचं हात लय कापत हुतं. म्हटलं, जरा हुरूप यील.
मग काल?
काल तुमीच नको म्हनला हुता.