उकळलेल्या फांद्या

नवं गावठाण, गोसीखुर्द
१९ नोव्हेंबर २०१७

प्रिय रुचिता,

सप्रेम जयभीम. इकडे सगळे ठीक. धान कापून झाला. आईचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. फोनवर बोलताना ती कान देऊन बसते, म्हणून हे पत्र फांद्यांच्या पार्सलमध्येच टाकतोय.

मागच्या वेळी पाठवलेल्या फांद्यांतून तुझ्या प्रयोगशाळेत काहीच उगवलं नाही म्हणून तू माझ्यावर चिडलीस. अगं, त्या आईने उकळल्या होत्या! म्हणते कशी, "पोरीनंच सांगतलं, फांदीत जंतू हायेत. मंग तसेच पाठवू का? बिमार पडंल ना ते!" मी कपाळावर हात मारला. फांदीच्या आत राहणारी बुरशीच तुला हवी आहे, औषध तीच बनवते, हे तिला पुन्हा समजावलं. आता ती पवनीच्या बाजारात सांगत फिरते, "आमच्या निंबातून रुचिता औषध काढून राहिली."

तू म्हणालीस, झाडापासून दूर राहून तुमच्याकडची आधीची बुरशी औषध बनवायचं विसरली, तेव्हा जुन्या गावच्या त्याच निंबाची ताजी फांदी हवी. परवा डोंगा वल्हवत गेलो. धरणाचं पाणी पार आपल्या जुन्या घराच्या ओट्याच्या वर गेलंय. मासे मात्र यंदा बरे आहेत.

रुचिता, निंब मेला. दोन वर्षं बुडाशी पाणी होतं. वर एक हिरवं पान नाही, फांदी वाकवली तर कटकन मोडली. मी डोंग्यात बसून रडलो, खोटं कशाला बोलू?

परत येताना इथल्या, नव्या गावातल्या शाळेमागच्या निंबाच्या फांद्या तोडल्या आणि जुन्या निंबाच्याच म्हणून आईच्या हातात दिल्या. तिने वास घेतला. "आपलाच निंब हाये," म्हणाली. गाव सोडताना तिनेच पदरात निंबोळ्या बांधून आणल्या होत्या, त्यातल्या एकीचा हा निंब. बीमधून ती बुरशीही आली असेल का? मला काय कळणार, तूच बघ. या वेळी फांद्या कच्च्याच आहेत, ओल्या फडक्यात.

बुरशी सापडली तर फोन आईला कर. नाही सापडली तर मला, सकाळी, मी मासे धरायला पाण्यावर असताना.

निंब गेल्याचं आईला मीच सांगेन. पण तुझा तिला फोन आल्यावर. आधी माझ्याने होणार नाही.

तुझा फोन तिलाच यावा म्हणून थांबलेला,
अश्वजितदादा