नाहूरचा लोहपुरुष

नाहूर (प.), मुंबई
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
सर्वेशचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गणपतीहून आम्ही तिघं सुखरूप पोचलो. फोनवर बोलताना मी दुसरीकडे टाइप करत असतो हा तुमचा आरोप मान्य करून, तुमच्या हट्टाप्रमाणे पत्र लिहितो आहे.

बातमी अशी की मी ट्रायथलॉन करायचं ठरवलं आहे. ही एक शर्यत असते. आधी दीड किलोमीटर समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन ओल्या अंगानेच चाळीस किलोमीटर सायकल मारायची आणि सायकल ठेवली की दहा किलोमीटर धावायचं. मध्ये बसायचं नाही. येत्या पंचवीस जानेवारीला रायगडकडच्या एका किनाऱ्यावर आहे, मी नाव नोंदवलं. डॉक्टरांनी मला नुसतं रोज फिरा एवढंच सांगितलं होतं. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी ऑफिसात 'मी फिरतो' असं सांगितलं तर कोणी मान वर करत नाही. आमच्याकडचे तिघे ट्रायथलॉन करतात, त्यांच्याकडे साहेबसुद्धा आदराने बघतो.

कोच लावला आहे. त्याचं नाव चैतन्य, वय सव्वीस. मला सर म्हणतो आणि रडवतो. मी रोज सव्वाचारला उठतो. पोहणं अजून थोडं कच्चं आहे, पण चैतन्य म्हणतो की ते शेवटी आपोआप येतं.

अनुपमा आणि प्रांजल मजेत. तुमचा आशीर्वाद तेवढा पाठीशी असू द्या, पुढचं मी बघतो.

आपला आज्ञाधारक,
सर्वेश

*

मु. पो. आचरा
२६ सप्टेंबर २०२५

चि. सर्वेशास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं तुला कोणी शिक्षा दिली आहे.

मी एकोणीस वर्षं गिरणीत पाळीला सायकलवरून गेलो. जुलैमध्ये ती गुडघाभर पाण्यातून ढकलत नेली आणि भोंगा झाला की गेटापर्यंत धावलो. म्हणजे तुझी ही शर्यत मी रोज करत होतो. फरक एवढाच की शेवटी पदक न देता उशिराचा शेरा मारत. समुद्र ज्यांच्या परसात आहे त्यांच्या मुलाला पोहायला कोच लागतो, हे मात्र मी इथे कोणाला सांगितलेलं नाही.

तरी एक बोलतो, राग मानू नकोस. तू लहानपणी पेटी शिकायला लागलास ती 'सा रे ग' वर सोडलीस. मग टायपिंग, मग सीए, मग ते जर्मन. आजपर्यंत हातात घेतलेलं एकही काम तू पुरं केलेलं मी पाहिलं नाही. तुझी आई जाताना तिलाही हीच काळजी होती. आता माझी शहात्तर झाली. हे एक पुरं कर. पहिला ये, शेवटचा ये, मला त्याचं काही नाही.

सूनबाईला आणि प्रांजलला आशीर्वाद. माया आहेच, ती काही वेळ लावून मोजता येत नाही.

तुझा,
बाबा

*

नाहूर
९ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

दिवाळीत यायला जमलं नाही याबद्दल आधी माफी मागते. कारण यांचा 'बिल्ड वीक' होता, म्हणजे सराव वाढवायचा आठवडा. हा कुठला सण, असं मीही विचारलं होतं.

घरचं वर्तमान असं आहे. हॉलच्या मधोमध सायकल एका लोखंडी घोडीवर बांधली आहे. हे तिच्यावर दीड तास पेडल मारतात आणि जागचे हलत नाहीत. तिचा आवाज पिठाच्या गिरणीएवढा. पलीकडच्या खोलीत प्रांजल कानात बोळे घालून भूमिती करते. दहावी तिची आहे, पण वेळापत्रक यांचं लागलं आहे फ्रिजवर. त्यात माझंही नाव आहे, 'सपोर्ट क्रू' म्हणून. त्या क्रूचं काम म्हणजे सव्वाचारला बीटाचा रस काढणं, पाचला ओल्या टॉवेलची पिशवी भरणं, मग डबे, मग माझी बँक. बँकेत सध्या ऑडिट चालू आहे हे यांना मी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा यांनी घड्याळाकडे बघितलं. ते घड्याळच यांना सांगतं की झोप नीट झाली की नाही. ते 'नाही' म्हणालं, की हे दिवसभर थकतात. मला असं घड्याळ नसल्यामुळे मी थकत नाही.

फराळ बंद, साखर बंद. तरी डब्यातल्या चकल्या कमी होत होत्या. त्या घड्याळाला दिसत नसाव्यात.

पण मामा, हसण्यावारी नेते तरी एक गोष्ट मला आत खुपते. यांना समुद्रात पोहता येत नाही. मुलुंडच्या तलावात काठाकाठाने जातात, दर दहा हातांवर कठडा धरतात. मी चैतन्यला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, सरांची मानसिकता फार स्ट्राँग आहे. पाण्यात मानसिकता तरंगते का, ते त्याने सांगितलं नाही. यांना मागे फिरायला सांगावं तर तुमचं ते पत्र यांनी पाकिटात घडी करून ठेवलं आहे, जिथे पूर्वी माझा फोटो असायचा. तुम्ही लिहिलंत ते खरंच होतं, पण फार लागलं त्यांना.

त्यात सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव यांना ही बातमी लागली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार ठरलासुद्धा. शर्यत आदल्या दिवशी आहे, तिचं काय होईल हा प्रश्न कमिटीत कोणी काढला नाही.

तब्येतीला जपा, गोळ्या चुकवू नका. माझ्यावर जीव आहे तो असाच असू द्या, सध्या घरात तोच एक विनाअट मिळतो.

आपली,
सौ. अनुपमा

*

आचरा
२० नोव्हेंबर २०२५

सौ. अनुपमा हिस,
अनेक आशीर्वाद.

सूनबाई, तुझं पत्र वाचून हसलो आणि मग जेवण गेलं नाही. मी लिहिलं ते चुकलं का, याचा विचार करतो आहे. पण आता मागे घेतलं तर तो म्हणेल बाबांनाही माझा भरवसा नाही.

तेव्हा मी येतो. शर्यत बघायला नाही, तेवढी छाती माझी नाही. पंचवीसला दुपारी तुमच्या घरी पोचेन, सत्कार बघून सत्तावीसच्या पहाटेच्या गाडीने परत. आरक्षण करून टाकलं. रतनच्या दुकानात चहा पिताना तोंडून निघून गेलं की सर्वेश, माझा झील, शर्यतीत उतरला आहे, आता सगळी वाडी मला रोज विचारते. पोराला सांभाळ, आणि बीटाचा रस एक दिवस त्यालाच काढायला सांग.

आशीर्वादात काटकसर नाही,
दशरथ

*

नाहूर
८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही येणार हे कळून फार बरं वाटलं. तयारी झकास चालू आहे. सात किलो उतरलो.

एक गंमत कळवतो. आमच्या गेटावर बॅनर लागलासुद्धा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा बॅनर छापायचाच होता, त्याच खेपेत मधुकररावांनी हाही उरकून घेतला. 'नाहूरचा लोहपुरुष! खडतर ट्रायथलॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' असा मजकूर आहे. वर प्रमुख पाहुण्यांचा हात जोडलेला फोटो, त्याखाली मधुकररावांचा, आणि तळाला गॉगल लावलेला मी. शर्यतीला सतरा दिवस आहेत, हे मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले की तारीख टाकलेली नाही, त्यामुळे काही बिघडत नाही.

रोज ऑफिसला जाताना त्याच्याखालून जावं लागतं. वॉचमन सलाम ठोकतो. भाजीवाली विचारते की साहेब, कधी पूर्ण केलंत? मी नुसता हसतो. हल्ली मी मागच्या गेटाने जातो, तिकडून स्टेशन जरा जवळ पडतं.

स्टेजवर तुमची खुर्ची पाहुण्यांच्या शेजारी ठेवायला सांगितली आहे. या वेळी पुरं करतो, बाबा.

आशीर्वाद घेऊनच या, सामानात आधी तोच भरा.

आपला,
सर्वेश

*

नाहूर
३० जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही दोन दिवस घरात होतात आणि मी तुमच्याशी चार वाक्यंही धड बोललो नाही. सत्तावीसला मी उठायच्या आत तुम्ही निघालात. तोंडाने जमलं नाही ते आता लिहितो.

त्या दिवशी भोंगा झाला आणि आम्ही दोनशे जण पाण्यात शिरलो. पहिल्या लाटेत कोणाची तरी टाच माझ्या नाकावर बसली. पाय टेकवायला गेलो तर खाली काही नव्हतं. बाबा, मला एवढी भीती आयुष्यात वाटली नाही. चैतन्यने सांगितलेलं एकही वाक्य आठवलं नाही, प्रांजल आठवली. एक होडीवाला आला. होडीला धरून दम खायला नियमात परवानगी आहे, पुढे सरकायला नाही. मी धरली ती सोडलीच नाही. त्याने दोनदा विचारलं, साहेब सोडता का? मग बिचाऱ्याने हळूहळू वल्हवत मला किनाऱ्याला आणून लावलं. तिथल्या पंचांनी सांगितलं की तुम्ही बाद आहात, हौस असेल तर पुढचं करा, पण निकालात धरलं जाणार नाही. हौस कसली, तुमचं पत्र होतं. सायकल मारली, धावलो, शेवटचे तीन किलोमीटर चाललो. शेवटच्या रेषेवर एक मुलगी येईल त्याच्या गळ्यात पदक घालत होती, तिने माझ्याही घातलं. ते मी काढलं नाही.

गाडीत अनुपमा एवढंच म्हणाली की हे तुमचं तुम्ही ठरवा. मी ठरवलं होतं की गेटावरच सांगायचं. पण गेटावर ताशा होता, मधुकरराव पेढे घेऊन उभे होते, आणि तुम्ही. तुम्ही ते पदक हातात घेऊन धोतराच्या सोग्याने पुसलंत. त्यानंतर माझी सांगायची हिंमत गेली.

स्टेजवर काय झालं ते तुम्ही बघितलंच. माईक हातात आला. भाषण पाठ होतं, देशाचं आणि सोसायटीचं नाव त्यात तीनदा होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी शर्यत पूर्ण केलेली नाही. मी होडीला धरून किनाऱ्याला लागलो. हे पदक माझं नाही." मग मधुकररावांनी माईक काढून घेतला आणि सांगितलं की एवढं यश मिळवूनही ज्याचे पाय जमिनीवर आहेत, असा हा आपला सर्वेश. पाहुणे म्हणाले की इतका विनय त्यांनी राजकारणात पाहिला नाही. टाळ्या थांबेनात. शाल पडली, नारळ हातात आला, लोकांनी सेल्फी काढले. मी तीन जणांना पुन्हा सांगून बघितलं, तिघांनी पाठ थोपटली.

सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं, बाबा, फक्त तुमचे हात मांडीवर होते. मी तेवढंच बघत होतो. मग तुम्ही मला न उठवताच गेलात. तुम्ही म्हणाला होतात, हे एक पुरं कर. तेही झालं नाही, आणि वर तुम्हाला चारचौघांत खाली मान घालायला लावली. मला माफ करता आलं तर करा.

आपलाच,
सर्वेश

*

नाहूर
१ फेब्रुवारी २०२६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

यांनी परवा तुम्हाला पत्र टाकलं, मला वाचायला दिलं नाही. म्हणून हे घाईत.

यांनी घोडी मोडून माळ्यावर टाकली. संध्याकाळी प्रांजलबरोबर भूमितीला बसतात. येत काही नाही, पण बसतात. मधुकररावांना बॅनर उतरवा म्हणून लेखी अर्ज दिला. कमिटीने तो 'विनयाचं आणखी एक उदाहरण' म्हणून नोटीस बोर्डावर लावला आहे. हे सगळं बघून हसू येतं. पण तुम्ही गेल्यापासून पोस्टमन दिसला की हे जिना उतरून खाली जातात आणि रिकाम्या हाताने वर येतात, ते बघवत नाही. रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

तुमच्या दोन ओळींची वाट बघणारी,
अनुपमा

*

आचरा
८ फेब्रुवारी २०२६

चि. सर्वेशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं आणि सूनबाईचं पत्र एकाच दिवशी आलं. उत्तराला दोन दिवस लागले, कारण चष्म्याची काडी मोडली होती. आणि मी पहाटे निघून गेलो ते रागाने नाही, गाडीचं आरक्षण नोव्हेंबरात केलं होतं. तू सव्वाचारला उठणारा, मला वाटलं जागा होशील.

आता टाळीचं. तू माईकमध्ये बोललास तेव्हा माझे हात उचलले होते. तेवढ्यात ते सगळे वाजवायला लागले. ते वाजवत होते त्या पदकाला, शालीला आणि त्या पाहुण्याला. त्यांच्या टाळीत माझी टाळी मिसळली असती तर तुला वाटलं असतं की बाबांनाही ऐकू आलं नाही. म्हणून हात खाली ठेवले. मला पहिला शब्द ते शेवटचा शब्द ऐकू आलं. मान खाली नव्हती घातली, टाळ्या संपल्यावर डोळे पुसत होतो. म्हातारपणी ते काम खाली बघूनच करावं लागतं.

तू लहान असताना पेटी सोडलीस तेव्हा पोट दुखतं म्हणालास. सीए सोडलंस तेव्हा पेपर अवघड काढला म्हणालास. 'मला जमलं नाही' ही कबुली मी तुझ्या तोंडून चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली, आणि तीही ताशा वाजल्यावर, शाल समोर असताना. त्या पत्रात मी जे पुरं करायला सांगितलं होतं, ते मला वाटतं हेच होतं. तेव्हा मला ते नीट लिहिता आलं नाही.

इथे उतरलो तसा रतनच्या दुकानात गेलो. सगळे वाट बघत बसलेले. रतनने विचारलं, झील पयलो इलो काय? खोटं सांगायला जागा होती, इथे कोणी यादी बघायला जाणार नाही. मी चहा संपवला आणि सांगितलं, "पयलो नाय इलो, शर्यत पुरीव नाय केल्यान. पण झील माझो दोनदा वाचलो. एकदा पाण्यात, नि एकदा स्टेजार."

तुझा,
बाबा