शेडमधला न हलणारा आकडा

अण्णा, आज पुन्हा त्या बेदाण्याच्या शेडवर गेले होते. मालकांनीच बोलावलं होतं. हवेतला ओलावा मोजायची यंत्रं आता मी तासगावकडच्या शेडना बसवून देते, त्यासाठी. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत त्या फाट्यावर मी एकदाही उतरले नव्हते.

पहिलं यंत्र मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी घरीच जुळवलं. एक छोटी पट्टी, चार वायरी आणि जुन्या मोबाईलचा चार्जर. ते चालतंय का हे बघायला कधी भाताच्या वाफेवर धरायचे, कधी पिठाच्या डब्यात ठेवायचे. एकदा तुम्ही त्यावर हळूच फुंकर मारलीत, आकडा झरकन चढला आणि तुम्ही केवढे हसलात! "आता बापाचा श्वास बी मोजाय लागली व्हय गं?" घरातली पहिली पदवी माझी होणार होती. ते शिक्षण आपल्याच माणसांच्या हाताशी यावं, असं मला फार वाटायचं. म्हणून यंत्र तुमच्या देखरेखीतल्या शेडमध्येच टांगलं.

त्या आठवड्यात आभाळ आलेलं. जाळीवरचे मणी तुम्ही मुठीत दाबता, मूठ उघडता. मणी सुटे होत नाहीत. "चिकटत्यात अजून," तुम्ही म्हणता. मी मोबाईलवर आलेला यंत्राचा आकडा पुढे करते. "आवं अण्णा, आतली हवा कोरडी हाय. तीन दिवस झालं, आकडा हललाच न्हाई." तुम्ही आधी आकड्याकडे बघता, मग माझ्याकडे. "शिकलेलं माणूस सांगतंय," म्हणता आणि माल उतरवायला जाळ्या झाडायला लावता. तीन दिवस आकडा हलत नाही म्हणजे यंत्रच बिघडलंय, हे मला सुचलंच नाही. पेट्यांत भरलेल्या मालाला बुरशी आली.

"म्हातारा झालास का रं? मूठ बघायची इसरलास?" मालक सगळ्यांसमोर ओरडले. बेदाणा निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मी तुमच्या मागेच उभी होते. तुम्ही म्हणालात, "व्हय, इसरलो." पुढच्या हंगामात देखरेख दुसऱ्याकडे गेली आणि तुम्ही द्राक्षांचे क्रेट उचलायला लागलात. मला रागावलात ते एवढंच: घरी यंत्र उघडून काळ्या पडलेल्या वायरी माझ्यासमोर धरल्यात. "मालाला रंग ऱ्हावा म्हनून गंधकाची धुरी देतो आमी. त्यात तांबं काळं पडतं, हे कालेजात न्हाई सांगितलं?"

आता माझ्या हाताखाली यंत्रं बसवायला शिकणाऱ्या मुलींना मी ते शिकवते. धुरीच्या आधी यंत्र बाहेर काढा, वहीत आकडा आणि मूठ दोन्ही लिहा, जुळलं नाही तर पहिला संशय यंत्रावर घ्या. हे मी कशातून शिकले, ते मात्र कधी सांगत नाही.

आज चहा पुढे करत मालक म्हणाले, "तुजा बाप लय पक्का गडी. जन्मात एकदाच चुकला बग." खरं काय ते सांगायला याहून सोपी वेळ मिळाली नसती. मी "व्हय" म्हटलं आणि चहा पीत राहिले.

हे पत्र कुठेच जाणार नाही. खरं तर ते मालकांना लिहायला हवं होतं. पण तुम्ही काही विचारणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तुम्हाला लिहिलं.