हजराबीचं जातं

धाकटी बहीण शिवकन्या हिला आष्टीहून छबुबाईचा आशीर्वाद. लेकीकडं मी बरी हाय, खोकलाही उतरलाय.

पुण्याचे बोलपटवाले जात्यावरच्या ओव्या टिपायला आलेत. शेजारच्या हजराबीला उद्या कॅमेऱ्यापुढं विचारणार, "मुसलमान असून अंबाबाईच्या ओव्या? मग तुम्ही नेमक्या कोण?" तिच्यासाठी खुर्ची मांडली. ती म्हणाली, "जात्याबिगर ओवी येत न्हाई."

त्यांचा साहेब म्हणाला, "जात्याच्या घरघरीत तुमचा आवाज बुडेल."

"मग मला बी बुडवा!"

शेवटी मेल्यानं जातं कबूल केलं. बाई लई ताठ, मला आवडली.

खुंट्याला समोरून हात मी लावणार. तो 'कोण'चा सवालही मीच करायचा म्हणतात. मी करणार न्हाई. तिनं ओवी उचलली की मी पुढं गाईन. ती कोण हाय ते ऐकू येईल.

तुझ्या जात्यासमोर माझ्या जागी आता कोण बसतं? एकटी ओढू नको.