मधेच नंबर लागला तर

अहो,

मी पुन्हा दवाखान्यात जातेय. मुलांच्या मनाचे डॉक्टर तिथे एकच आहेत आणि आपल्या चिमीला चार महिन्यांनंतरची तारीख मिळालीय. कुणी आलं नाही तर मधेच नंबर लागेल, असं खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, म्हणून तिथेच बसून राहीन. फोन आला तर तिला लगेच रिक्षाने घेऊन या.

जेवण झाकून ठेवलंय. सुऱ्या आणि कात्री शेजारच्या काकूंकडे दिल्यात. तिच्या खोलीचं दार उघडंच राहू द्या. ती अंथरुणातून उठली नाही तरी 'नाटकं पुरे' म्हणू नका, हात जोडते.

सकाळी वेणी घालताना तिने विचारलं, "आई, तोपर्यंत मी काय करू?"

मी घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा घालत बसले.