पाचवीनंतरची मरळ

मौजे मोशी, ता. ९ जून १९५८

सौ. विहीणबाई गोजाबाई यांसी अंबूचा नमस्कार. इकडे बरं आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तिकडे बाळबाळंतीण सुखरूप असावीत.

नातू झाल्याचा निरोप पोचला. नाक तुमच्या घराण्याचं आहे म्हणे. असू द्या, पोरगा आहे, खपून जाईल. जावईबापू शिफ्टवरून वेळेत घरी येतात ना? जाळं सोडून कंपनीत गेले ते बरंच केलं, हे मी पहिल्यांदाच कबूल करते आहे.

नदीची खबर अशी. तो सरकारी मासा, सरकारनं कुठल्याशा तलावात सोडलेला आणि मागच्या पुरात इकडे आलेला, आता डोहभर झाला आहे. आपली पिल्लं तोंडात धरून हिंडतो आणि दुसऱ्याची अंडी खातो. बाजारात त्याला कुणी हुंगत नाही. आमच्या मरळींनी मात्र त्याचा फडशा पाडला. खाऊन खाऊन मांडीएवढ्या झाल्या. मी म्हटलं, चला, या मेल्याला कुणीतरी भेटलं.

त्यातल्याच दोन जिवंत मरळी परवा मडक्यात घालून माझ्या शालनसाठी पाठवल्या. पाचवी पुजल्याशिवाय बाळंतिणीला मासळी द्यायची नाही, ही रीत तुमच्याकडेही आहे. आज पाचवी. म्हणजे उद्या सकाळी तुम्ही विळी घेऊन बसाल.

बसू नका. त्या मरळी चिरू नका.

तोंडी निरोप धाडला असता तर तुम्ही म्हणाला असता, अंबूला मासा परत हवासा झाला. म्हणून लिहिते. त्या सरकारी माशाला कंटाळून माझ्या पोरानं, रंग्यानं, मला न विचारता डोहात पांढरी पूड टाकली. घरोघर डासांचं औषध मारायला माणसं आली होती, त्यांच्याकडून मागून आणली. आपण गेळफळं कुटून पाण्यात टाकतो, मासा गुंगतो, खाणाऱ्याला काही होत नाही. हीही तसलीच, असं त्याला वाटलं. बारके सरकारी मासे आधी गुंगले. मरळींनी ते आयते गिळले आणि कडेला येऊन पडल्या. मी हातानं उचलल्या. वाटलं, खाऊन सुस्तावल्या. जन्म डोहावर गेला, पण भरलेलं पोट आणि बिघडलेलं पोट मला वेगळं दिसलं नाही.

तिसरी मरळ परवा रात्री घरधन्यांनी खाल्ली. माझा शनिवार होता म्हणून मी उभी आहे. कालपासून त्यांना उलट्या. हात असे थरथरतात की पेला धरवत नाही. पहाटे जरा शुद्धीवर आले आणि म्हणाले, "अंबे, पोरीला पाठवलीस ती यातलीच ना?" तेव्हा रंग्या पुडीचं बोलला.

तो आता चाकणला डॉक्टर आणायला गेला आहे. मला यांना सोडून निघता येत नाही. म्हणून दूधवाल्या ज्योतीरामाला सायकलवर पिटाळलं. पत्र वाचणारा मिळेपर्यंत तुमच्या उंबऱ्यावरून उठायचं नाही, असं त्याला बजावलं आहे.

माझे बोंबील तुम्ही एकदा कुत्र्याला घातले होते. मी ते चार गावांत सांगितलं. या मरळी कुत्र्यालाही घालू नका. लांब नेऊन खोल पुरा. आणि शालनला दूध उतरेना म्हणून तुम्ही आधीच रस्सा दिला असेल, तर मला शिव्या द्यायला थांबू नका. बैलगाडी, मोटार, मिळेल त्यानं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तोवर बाळाला अंगावर पाजू देऊ नका.

बाई रीतीला हटून बसते, सुनेसाठी तिचं काळीज हलत नाही, असं मी तुमच्याबद्दल आजवर बोलत आले. देवाजवळ आता एवढंच मागते, या पाच दिवसांत तुम्हाला माझ्या पोरीची दया आलेली नसावी.

शालनची आई,
अंबू